साठवता न येणारे काम आणि साथीच्या काळातील मदत

वाचकाचे पत्र

आम्ही दहा-बारा जण मिळून गेली अनेक वर्षे संगीताचे छोटे कार्यक्रम आयोजित करतो. २०२० मध्ये साथीमुळे सभागृहे बंद झाली तेव्हा आम्ही आपसांत वर्गणी काढून निधी उभा केला आणि त्यातून काही कलाकारांना मदत दिली. मदत घेताना कोणाला संकोच वाटू नये म्हणून प्रत्येकाने घरून एक कार्यक्रम ध्वनिचित्रमुद्रित करून द्यावा, असे आम्ही ठरवले होते, आणि ते कार्यक्रम अनेकांनी विनामूल्य पाहिले. अलीकडे एका ज्येष्ठ वादकांनी मला सांगितले, "तुम्ही मला मदत केली नाहीत, अर्ध्या मानधनात माझ्याकडून काम करून घेतलेत." त्याच बोलण्यात असेही कळले की, आमच्या प्रत्येक कार्यक्रमाची ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांनी ते सगळे वर्ष उसनवारीवर काढले, त्यांना आम्ही साधी विचारणाही केली नव्हती.

पुन्हा अशी वेळ आली तर हाताशी असावा म्हणून आता आम्ही कायमस्वरूपी निधी उभारत आहोत, पण सदस्यांत एकमत नाही. काहींच्या मते निधी केवळ कलाकारांसाठी असावा. वाढपी, केशकर्तनकार, सफाई कर्मचारी यांच्याकडे इतरांनी पाहावे. काहींना ही रक्कम बिनव्याजी कर्ज म्हणून द्यायची आहे. काहींचा आग्रह आहे की, उत्पन्नाची कागदपत्रे कसून तपासल्याशिवाय कोणालाही काही देऊ नये. मी काय सुचवावे?

– एक कार्यवाह

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील ज्येष्ठ वादकांचे म्हणणे मला पटते. ते बोलणे तुम्ही सौम्य न करता जसेच्या तसे कळवलेत, म्हणूनच सविस्तर उत्तर लिहावेसे वाटले. त्यांच्याकडे मी शेवटी येईन, कारण त्यांच्या बाबतीत काय करायचे हे ठरवण्याआधी तुमचा निधी नेमकी कशाची भरपाई करणार आहे, हे ठरायला हवे. सदस्यांमधील तिन्ही मतभेदांचे मूळ मला याच एका न ठरलेल्या गोष्टीत दिसते.

कापड विणणाऱ्याचा माल दोन महिने विकला गेला नाही, तर तो कोठारात पडून राहतो आणि बाजार उघडल्यावर, कमी भावाने का होईना, विकता येतो. रद्द झालेली मैफल अशी कोठारात ठेवता येत नाही. त्या संध्याकाळचे गाणे त्या संध्याकाळीच गायचे होते. पुढच्या वर्षी तोच गायक त्याच सभागृहात गायला, तरी ती पुढच्या वर्षीची कमाई असते, बुडालेली नव्हे. केशकर्तनकाराचे तसेच आहे. तीन महिने वाढलेले केस दुकान उघडल्यावर एकदाच कापले जातात, तीनदा नाही. उपाहारगृहातील रिकाम्या राहिलेल्या टेबलांवर नंतर कोणी दुप्पट जेवत नाही. ज्यांचे काम माणसे एकत्र आल्याशिवाय होतच नाही आणि झाले नाही तर साठवूनही ठेवता येत नाही, असा हा सगळा वर्ग आहे. कलाकार आणि सेवा क्षेत्रातील कामगार या दोघांना एकत्र बांधणारा धागा मला इथे दिसतो, आणि तो प्रतिभा, प्रतिष्ठा किंवा शिक्षण यांतील फरकांपेक्षा कितीतरी बळकट आहे.

दुसरी गोष्ट मला याहूनही महत्त्वाची वाटते. या लोकांचे काम त्यांच्या चुकीमुळे थांबले नव्हते आणि लोकांना ते नकोसे झाले म्हणूनही थांबले नव्हते. इतर सर्वांचे रक्षण व्हावे म्हणून ते मुद्दाम थांबवले गेले, आणि थांबवणे योग्यच होते. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० रोजी एका हौशी गायनवृंदाची सुमारे अडीच तासांची तालीम झाली. तिला ६१ जण उपस्थित होते. पुढील काही दिवसांत त्यांपैकी ५३ जण निश्चित किंवा संभाव्य रुग्ण ठरले आणि दोघांचा मृत्यू झाला. एकत्र बसून गाण्याइतकी निरागस गोष्ट प्राणघातक ठरू शकते, हे त्या घटनेने दाखवून दिले. दुसऱ्याच दिवशी, ११ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने या आजाराला जागतिक महासाथ म्हटले आणि देशोदेशीची सभागृहे बंद होत गेली. समाजाने स्वतःच्या सुरक्षिततेसाठी ज्यांच्या रोजीरोटीचे दार लावून घेतले, त्यांचा समाज देणेकरी होतो. तुमचा निधी हा त्या देण्यातील एक लहानसा हप्ता आहे, असे मानून नियम लिहायला घ्या. पुष्कळ नियम आपोआप सुचतील.

आता पहिला मतभेद. निधी केवळ कलाकारांसाठी असावा असे म्हणणाऱ्या सदस्यांना तुमच्याच एखाद्या जुन्या कार्यक्रमाच्या दिवसाची यादी करायला सांगा. गायक, संगतकार, निवेदक ही नावे पत्रिकेवर छापलेली असतात. पण त्या दिवशी ध्वनियंत्रणा लावणारे, प्रकाशव्यवस्था पाहणारे, वाद्ये वाहून आणणारा चालक, दारावर तिकिटे तपासणारी मुलगी, मध्यंतरात चहा देणारा, आणि सगळे निघून गेल्यावर खुर्च्यांखालचा कचरा काढणारी बाई, या सर्वांची त्या संध्याकाळची कमाई तुमच्या एकाच कार्यक्रमावर अवलंबून होती. एकाच आदेशाने ती सर्वांची बुडाली. शिवाय कलाकार आणि सेवाकर्मी ही कित्येकदा एकच व्यक्ती असते. दिवसा उपाहारगृहात वाढणारा आणि संध्याकाळी नाटकात काम करणारा तरुण, किंवा सकाळी शिकवणी घेऊन रात्री हॉटेलच्या स्वागतकक्षात बसणारी गायिका यांची दोन्ही उत्पन्ने साथीने एकाच आठवड्यात काढून घेतली. अशा माणसाला तुम्ही तुमच्या अर्जात कोणत्या रकान्यात घालणार?

हानी किती मोठी होती, याचा अंदाज काही आकड्यांवरून येतो. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये जगभरातील कामाच्या तासांपैकी ८.८ टक्के तास बुडाले, म्हणजे २५.५ कोटी पूर्णवेळ नोकऱ्यांइतके काम नाहीसे झाले. युनेस्कोच्या अंदाजाप्रमाणे त्याच वर्षी सर्जनशील क्षेत्रातील सुमारे एक कोटी रोजगार गेले. घरकाम करणाऱ्यांची जगातील संख्या साडेसात कोटींहून अधिक आहे आणि त्यांतील पाचांपैकी चौघांचे काम असंघटित, म्हणजे लेखी कराराशिवाय आणि रजा-विम्याशिवाय चालते. तुमचा निधी या सागरातील ओंजळभर पाणी आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून सर्व सेवाकर्मींना तो खुला करावा असे मी म्हणत नाही. तुमच्या कार्यक्रमांशी ज्यांची कमाई जोडलेली आहे ते सगळे, पत्रिकेवर नाव असो वा नसो, अशी पात्रतेची रेषा आखा. ही रेषा लहान निधीला झेपेल अशी आहे, आणि ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या त्या गृहस्थांना ती तुम्हाला पुन्हा विसरू देणार नाही.

कर्जाच्या प्रस्तावावर मला फार लिहावे लागणार नाही. कर्ज पुढे वाढणाऱ्या कमाईतून फिटते. साठवता न येणाऱ्या कामात पुढची कमाई वाढत नाही, फक्त जुन्या पातळीवर हळूहळू परत येते, आणि तोवर घरभाडे, फी, औषधे यांची थकबाकी आधीच उभी असते. बिनव्याजी असले, तरी तुमचे कर्ज त्या रांगेत आणखी एक देणे म्हणून उभे राहील. त्यातही ते ओळखीच्या माणसांचे, म्हणून सर्वांत आधी फेडावेसे वाटणारे आणि फेडता न आल्यास तुमच्या कार्यक्रमांना येणेच टाळायला लावणारे. जे द्यायचे ते परतफेडीची अपेक्षा न ठेवता द्या. ज्यांना पुढे सुस्थिती आल्यावर निधीत भर घालावीशी वाटेल ते घालतील. तशी अट मात्र लिहू नका.

कागदपत्रांच्या आग्रहाविषयी मात्र सावकाश बोलायला हवे, कारण तो धरणारे सदस्य चुकीचे नाहीत. लोकांच्या वर्गणीचा पैसा योग्य हाती जावा, ही त्यांची काळजी रास्त आहे. अडचण अशी आहे की, ज्यांच्याकडे कागद व्यवस्थित असतात त्यांची गरज सर्वांत मोठी असतेच असे नाही. ब्रिटनने मार्च २०२० मध्ये स्वयंरोजगारितांसाठी योजना जाहीर केली. मागील सरासरी नफ्याच्या ८० टक्के, तीन महिन्यांसाठी मिळून कमाल ७,५०० पौंड. योजना उदार होती. पण निम्म्याहून कमी उत्पन्न स्वयंरोजगारातून येत असेल, तर ती लागू नव्हती. एप्रिल २०१९ नंतर स्वतंत्र काम सुरू केलेल्यांना पहिल्या तीन हप्त्यांत काहीच मिळाले नाही, कारण त्यांचे आधीच्या वर्षाचे विवरणपत्र नव्हते. थोडी नोकरी आणि थोडे कार्यक्रम अशी मिसळ करून जगणारा वादक किंवा नुकतीच नाट्यशाळेतून बाहेर पडलेली नटी नेमकी या दोन फटींत सापडली.

जर्मनीच्या केंद्र सरकारने पाच कर्मचाऱ्यांपर्यंतच्या व्यवसायांना तीन महिन्यांसाठी कमाल ९,००० युरोंची तातडीची मदत दिली, पण ती व्यवसायाच्या चालू खर्चासाठी होती. ज्या गायिकेला कार्यालय नाही, भाड्याचा गाळा नाही, जिचे सगळे भांडवल तिच्या गळ्यात आहे, तिचा व्यवसायखर्च तो किती? तिला हवे होते घरभाडे आणि रोजचा किराणा, आणि तेच त्या मदतीत बसत नव्हते. अमेरिकेत बक्षिसीवर चालणाऱ्या नोकऱ्यांसाठी संघराज्याने ठरवलेले किमान रोख वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलर इतकेच राहिले आहे. उरलेली कमाई ग्राहकांच्या बक्षिसीतून होते. बेरोजगारी भत्ता नोंदलेल्या कमाईवर ठरत असल्यामुळे, जिथे बक्षिसीची नोंदच झाली नव्हती तिथे भत्ता घटला किंवा नाकारला गेला. या तिन्ही ठिकाणी पैसा होता, इच्छाही होती. कागदाची व्याख्या माणसाच्या जगण्यापेक्षा अरुंद होती.

याच्या उलट एक उदाहरण पश्चिम आफ्रिकेतील टोगो या लहान देशाचे आहे. तिथल्या सरकारने एप्रिल २०२० मध्ये असंघटित कामगारांसाठी योजना सुरू केली, तेव्हा कोणाकडेही उत्पन्नाचा दाखला मागितला नाही. नुकत्याच झालेल्या निवडणुकीसाठी बनवलेल्या मतदार ओळखपत्रांच्या नोंदीत प्रत्येकाचा व्यवसाय आधीच लिहिलेला होता, त्याचाच आधार घेतला. साध्या मोबाइलवरून आकडे दाबून अर्ज करता येत असे आणि रक्कम थेट मोबाइल खात्यात जमा होत असे. राजधानीच्या परिसरात पुरुषांना महिन्याला १०,५०० आणि स्त्रियांना १२,२५० फ्रँक (तिथले चलन) मिळत; घर चालवण्याचा भार बहुधा स्त्रीवर असतो, हे त्या फरकात गृहीत धरले होते. संकट येण्याआधीच तयार असलेली आणि त्या वेळी मदतीशी काहीही संबंध नसलेली एक यादी किती उपयोगी पडली, हे पाहण्यासारखे आहे.

तुमच्याकडे अशी यादी आहे. गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या कार्यक्रमांत ज्यांनी ज्यांनी काम केले त्यांची नावे, काम आणि संपर्क एका वहीत आजच लिहून काढा आणि दर कार्यक्रमानंतर तीत भर घालत जा. ज्यांचे नाव वहीत आहे त्यांना साथ आल्यावर दुसरा पुरावा मागू नका. ज्यांचे नाव नाही त्यांच्यासाठी वहीतील कोणाही दोघांनी "या व्यक्तीसोबत मी काम केले आहे" असे सांगितले, तरी पुरेसे मानावे. अर्ज एका पानाचा असावा. मी स्वतः एकदा अशाच एका निधीसाठी चार पानी अर्ज तयार करण्यात सहभागी होते. ज्यांच्यासाठी तो केला त्यांतील एका रंगभूषाकार बाईंनी दुसऱ्या पानावरच तो बाजूला ठेवला, कारण तिथे "उत्पन्न बंद होण्याची कारणे सविस्तर लिहा" असे विचारले होते. त्या वेळी शहरातले प्रत्येक नाट्यगृह बंद होते आणि ते आम्हा सर्वांना माहीत होते. तो प्रश्न मी लिहिला होता. त्याचे वाईट मला आजही वाटते.

चार-दोन माणसे खोटे सांगून पैसे घेतील, अशी भीती सदस्यांना असेल. घेतीलही. त्या गळतीसाठी मनात थोडी रक्कम सोडून द्या आणि कसून तपासणीत जाणारे आठवडे वाचवा. अडचणीतील माणसासाठी तेच आठवडे सर्वांत महाग असतात. अमेरिकेत बंद पडलेल्या सभागृहांसाठीच्या मोठ्या अनुदानाचा कायदा डिसेंबर २०२० मध्ये झाला, पण अर्ज स्वीकारणे सुरू व्हायला एप्रिल २०२१ उजाडले. तोवर सभागृहे बंद होऊन वर्ष उलटले होते. मिळालेले पैसे लोक व्यसनात उडवतील, ही शंकाही अशा बैठकांत हमखास निघते. रोख मदतीवरील जगभरच्या अभ्यासांचा आढावा जागतिक बँकेतील दोन अभ्यासकांनी २०१४ मध्ये घेतला, तेव्हा दारू आणि तंबाखूवरचा खर्च अशा मदतीने वाढत असल्याचे आढळले नाही. म्हणून शिधा, कूपन वगैरेंच्या वाटेला न जाता रोख रक्कम थेट खात्यात द्या. भाडे आधी भरायचे की आईचे औषध आधी आणायचे, हे तुमच्या समितीपेक्षा त्या घराला अधिक चांगले कळते.

रक्कम किती आणि केव्हा द्यावी, याबद्दल माझे मत थोडे वेगळे वाटेल. सर्वांना समान वाटा या न्यायाने निधी इतका पातळ करू नका की, कोणाचेच एक महिन्याचे भाडे त्यातून भागणार नाही. आधी एकक ठरवा: एका कुटुंबाचा एका महिन्याचा अटळ खर्च. निधीत अशी साठ एकके असतील, तर बंद झाल्यापासून आठवडाभरात मागेल त्याला एक याप्रमाणे निम्म्यापर्यंत एकके द्या आणि उरलेली राखून ठेवा. पहिल्या महिन्यात माणसे बचतीवर तग धरतात, नातेवाईक विचारपूस करतात, वर्तमानपत्रांत आवाहने येतात. खरी ओढाताण चौथ्या-पाचव्या महिन्यानंतर सुरू होते, जेव्हा बचत संपते आणि देणाऱ्यांचा उत्साहही ओसरतो. जागतिक आरोग्य संघटनेने ३० जानेवारी २०२० रोजी जाहीर केलेली आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपवली, म्हणजे ती तीन वर्षांहून अधिक काळ चालली, हे लक्षात ठेवा. शिवाय सभागृहाचे दार उघडले म्हणजे कलाकाराच्या घरी पैसे आले असे होत नाही. कार्यक्रमांच्या तारखा काही महिने आधी ठरतात. उघडण्याच्या दिवशी त्याची तारखांची वही कोरी असते. राखलेली एकके त्या मधल्या काळासाठी लागतील.

दुसऱ्या फेरीत मागणी निधीपेक्षा जास्त झाली तर काय? गुणवत्तेवर किंवा नावावर निवड करण्याचा मोह होईल, आणि पहिल्या येणाऱ्याला पहिले हा सोपा नियमही पुढे येईल. दोन्ही टाळा. अमेरिकेच्या उपाहारगृह निधीत २८.६ अब्ज डॉलर होते आणि २ लाख ७८ हजारांहून अधिक पात्र अर्जदारांनी ७२ अब्ज डॉलरहून अधिक मागितले. सुमारे १ लाख १ हजारांना मिळाले आणि बाकीचे पात्र असूनही रिकाम्या हाताने राहिले. इतकी तूट असताना लवकर अर्ज भरता येणे हीच पात्रता होऊन बसते, आणि ती ज्यांच्याकडे चांगले इंटरनेट आणि हिशेबनीस आहे त्यांच्याकडे झुकते. आयर्लंडने २०२२ मध्ये कलावंतांसाठी मूलभूत उत्पन्नाची प्रायोगिक योजना आणली, आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षांसाठी. पात्र अर्ज आठ हजारांवर आले आणि जागा दोन हजार होत्या, तेव्हा सरळ चिठ्ठ्या टाकाव्यात तशी यादृच्छिक निवड केली. कोणाची कला श्रेष्ठ हे त्यात कोणी ठरवले नाही. तुमच्यासारख्या छोट्या गटात, जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, तिथे चिठ्ठीइतका निर्वैर मार्ग मला दुसरा दिसत नाही.

आजारपणासाठी वेगळी तरतूद ठेवायला मी आग्रहाने सांगेन. ताप आलेला ध्वनितंत्रज्ञ किंवा वाढपी कामावर येतो, कारण न आल्यास त्या दिवसाचे पैसे जातात. अमेरिकेत मार्च २०२० मध्ये तात्पुरत्या पगारी आजारपण-रजेचा कायदा झाला. त्यानंतरच्या एका अभ्यासात, ज्या राज्यांत ही सोय नव्याने मिळाली तिथे दर राज्यामागे दररोज सुमारे ४०० रुग्ण कमी नोंदले गेल्याचे दिसले. याचा अर्थ असा की, कामगाराला घरी थांबण्याचे पैसे देणे हा साथ रोखण्याचाच एक उपाय आहे आणि त्याचा लाभ तुमच्या श्रोत्यांनाही मिळतो. "आजारी असाल तर येऊ नका, त्या दिवसाचे मानधन मिळेल" हे वाक्य तुमच्या प्रत्येक बोलावण्यात साथ नसतानाही असू द्या.

पैशाशिवाय आणखी एक काम तुमच्या गटाला करता येईल, आणि कदाचित ते निधीपेक्षा अधिक देऊन जाईल. सार्वजनिक योजनांतील रक्कम कोणत्याही खाजगी निधीहून मोठी असते, पण ती मिळवण्यासाठी जुन्या कमाईची नोंद लागते. फ्रान्समध्ये रंगभूमी आणि चित्रपट क्षेत्रातील कंत्राटी कलाकार-तंत्रज्ञांना वर्षभरात ५०७ तास काम दाखवता आले, तर बेरोजगारी भत्ता मिळतो. साथीच्या काळात हे तास भरणे अशक्य झाले तेव्हा सरकारने त्यांचे हक्क ऑगस्ट २०२१ पर्यंत आणि नंतर त्या वर्षअखेरपर्यंत वाढवले. ते तास मुळात नोंदलेले होते, म्हणून हे हक्क वाढवता आले. जर्मनीत १९८३ पासून कलावंतांचा सामाजिक विमा चालतो. त्यात निम्मा हप्ता कलावंत भरतो, ३० टक्के त्यांच्या कामाचा उपयोग करणारे आणि २० टक्के केंद्र सरकार. दक्षिण कोरियाने कलावंतांना रोजगार विमा लागू केला तो डिसेंबर २०२० मध्ये, साथ चालू असताना. तुमच्या गटातील जे कोणी हिशेब आणि अर्ज यांत तरबेज असतील, त्यांनी वर्षातून दोनदा बसून वहीतील लोकांना पावत्या, करार आणि विवरणपत्रे यांची नीट जुळणी करून द्यावी. तुम्ही स्वतःही प्रत्येक मानधन, अगदी चहावाल्याला आणि चालकाला दिलेलेही, पावती करूनच द्या. ती पावती उद्या त्यांचा पुरावा होईल. खाजगी मदत मिळाल्यास एखाद्या सार्वजनिक भत्त्यातून तेवढी रक्कम कापली जाते का, हे मात्र रक्कम देण्याआधी तपासून पाहा.

करारात एक कलम आत्ताच घाला. सार्वजनिक आरोग्याच्या आदेशामुळे कार्यक्रम रद्द झाला, तर ठरलेल्या मानधनाचा ठरावीक हिस्सा, माझ्या मते किमान निम्मा, पंधरा दिवसांत सर्वांना मिळेल, पत्रिकेवर नाव असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही. तिकिटांचे पैसे परत न घेण्याचा पर्याय श्रोत्यांसमोर ठेवा. पुष्कळ जण तो आनंदाने स्वीकारतात.

समितीविषयी एक सूचना. लंडनमध्ये १७३८ साली संगीतकारांनी हलाखीतील वादक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी निधी स्थापन केला. एका दिवंगत ओबोवादकाची मुले रस्त्यावर दुधासाठीची गाढवे हाकत चाललेली त्याच्या सहकाऱ्यांनी पाहिली आणि त्यातून ही कल्पना निघाली, असे सांगितले जाते. हँडेल हा संगीतकार या संस्थेच्या पहिल्या सदस्यांपैकी होता, आणि मृत्युपत्रात त्याने या निधीला १,००० पौंड ठेवले. ती संस्था आजही काम करते. मला तिच्यातील महत्त्वाचा भाग हा वाटतो की, देणारे आणि उद्या घेण्याची वेळ येऊ शकणारे एकाच टेबलाभोवती बसले होते. तुमच्या समितीतील किमान निम्मी माणसे वहीतून यावीत, आणि त्यांतील एक तरी पडद्यामागे काम करणारी असावी. मदत घेणाऱ्यांची नावे समितीबाहेर जाणार नाहीत आणि कोणाचेही छायाचित्र काढले जाणार नाही, हेही नियमांत लिहून ठेवा.

आता त्या ज्येष्ठ वादकांविषयी. संकोच वाटू नये म्हणून कार्यक्रम मागितला, हा तुमचा हेतू मी खरा मानतो. पण ज्याच्याकडे नाही म्हणण्याची सोय नसते, त्याच्याकडून मदतीच्या बदल्यात काम घेतले की ती मदत राहत नाही, कमी दराचे काम होते. आणि एकदा विनामूल्य दाखवलेले काम पुढच्या आयोजकाकडे मानधन मागताना त्याच्याच आड येते. मदत हवी असेल तर ती कामाशिवाय द्यावी, आणि काम हवे असेल तर त्याचे पूर्ण मानधन द्यावे. या दोन गोष्टींची पाकिटे वेगळीच असली पाहिजेत.

म्हणून नवा निधी सुरू करण्याआधी त्या काळात ज्यांनी ज्यांनी ध्वनिचित्रमुद्रण करून दिले, त्यांची यादी काढा. त्या वेळच्या तुमच्या नेहमीच्या मानधनातून दिलेली रक्कम वजा करा आणि उरलेली प्रत्येकाला पाठवा. सोबत छोटेसे पत्र असू द्या: "त्या वर्षी तुमच्या कार्यक्रमाचे पूर्ण मानधन आम्ही दिले नव्हते. राहिलेली रक्कम सोबत पाठवत आहोत. ध्वनिचित्रमुद्रण पुढेही दाखवावे की काढून टाकावे, हे कृपया कळवावे." क्षमायाचना लांबवू नका, रक्कम पूर्ण असली की पुरे. ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्या गृहस्थांकडे मात्र पत्र न पाठवता स्वतः जा, आणि नव्या समितीत येण्याची विनंती करा. निधीच्या हिशेबवहीतील पहिली नोंद जमेची नसेल, "थकीत मानधन" या शीर्षाखालची खर्चाची असेल. ती तशीच राहू द्या.